म्हशीचा खुराक आणि माणसाचा आहार

आमच्या धर्मग्रामातील कोणत्याही गोठ्यात जाऊन विचारा, दुभत्या म्हशीला खुराक किती घालता? उत्तर तयार असते. अंगापुरता दीड-दोन किलो, आणि त्यावर दर दोन लिटर दुधामागे एक किलो. गाय असेल तर अडीच लिटरमागे एक किलो. गाभण जनावराला शेवटचे दोन-तीन महिने किलो-दीड किलो वाढवून. भाकड जनावराचे चांगल्या वैरणीवर भागते, बैलाचा हिशेब कामावर, वासराचा वयावर. शेजाऱ्याच्या म्हशीला सरकी मानवली म्हणून आपल्या वासरापुढे तेवढीच सरकी ओतणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. खताचेही तेच. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाल्यापासून आपल्यापैकी पुष्कळांनी मातीचे नमुने तपासून घेतले. त्या पत्रिकेत बारा बाबी तपासून लिहिलेल्या असतात, आणि बांधापलीकडची पत्रिका आपल्या शेताला चालत नाही हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही.

हाच शेतकरी रात्री जेवण आटोपून मोबाईल उघडतो. कोण कोठला माणूस त्यात सांगतो की सकाळी अनशापोटी अमुक रस प्या, भात सोडा, तमुक पीठ खा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरात तो रस निघू लागतो. सांगणाऱ्याने याला पाहिलेले नाही, याचे वय त्याला ठाऊक नाही, याच्या रक्ताचा अहवाल त्याने वाचलेला नाही. जो न्याय आपण म्हशीला देतो तो स्वतःला का देत नाही, हा प्रश्न आम्हांला गेल्या पावसाळ्यापासून सतावीत आहे. या पानावर तो मांडण्याचे कारण असे की झाल्या प्रकारात थोडा दोष आमचाही आहे.

आमच्या एका वाडीवरचे काका, साठी ओलांडलेले, भात व ऊस करणारे. त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत. मधुमेह पंधरा वर्षांचा. मूत्रपिंडे दुबळी होऊ लागली आहेत असे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले होते; परंतु दुखतखुपत काही नव्हते, म्हणून तो कागद पत्र्याच्या पेटीत गेला. गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाने वडिलांच्या काळजीपोटी मोबाईलवर एक चित्रफीत पाठविली. तिच्याप्रमाणे काकांनी पालक, दुधी व बीट यांचा कच्चा रस रोज मोठा पेलाभर घ्यायला सुरुवात केली. दुपारी शहाळ्याचे पाणी. भात पूर्ण बंद. साध्या मिठाच्या जागी कमी सोडियमचे मीठ. एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर त्यांनी हे सारे आम्हांला मोठ्या उत्साहाने सांगितले. आम्ही म्हणालो, "छान आहे काका, भाजीपालाच तर आहे. त्याने काय बिघडणार?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायांतली शक्ती गेली आणि छातीत विचित्र धडधड होऊ लागली. घरच्यांनी त्यांना बेळगावच्या एका रुग्णालयात नेले. रक्तातील पोटॅशियम, जे साधारण पाचाच्या आसपास थांबावे, ते साडेसहाच्या वर गेले होते. एवढे झाले म्हणजे हृदय बंद पडू शकते. सकाळी सुनेचा फोन आला तसे आम्ही पवित्र तेल घेऊन निघालो. आणि रुग्णाला भेटायला रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून वाटेत दोन शहाळी घेतली! खाटेपाशी पोहोचताच परिचारिकेने आमच्या हाताकडे पाहिले व म्हणाली, "फादर, ती बाहेर ठेवा. यांना त्यातला एक घोटसुद्धा चालायचा नाही." सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान मिळून इतकी वर्षे शिकलो, पण शहाळ्यात काय असते हे त्या सकाळी प्रथम कळले.

काय असते ते सांगतो. एका शहाळ्याच्या पाण्यात पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. पालकात शंभर ग्रॅममागे त्याहून थोडे अधिकच. धडधाकट माणसाची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात, त्याला ते हितकारक आहे. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांच्या रक्तात ते साचत जाते. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियम कमी केलेले असते ते बहुधा त्याच्या जागी पोटॅशियम घालून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली या मिठाबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. सर्वसाधारण प्रौढांना रक्तदाबासाठी त्याचा उपयोग होतो असे त्यात आहे, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना हा सल्ला लागू नाही असेही त्यातच आहे. म्हणजे चित्रफितीतला माणूस खोटे बोलत नव्हता. त्याने सांगितलेले बरेचसे कोणासाठी तरी खरे होते. आमच्या काकांसाठी मात्र ते सारे विष होते, आणि काका आपल्यासमोर बसले आहेत हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी औषधांनी धोका टाळला. चौथ्या दिवशी रुग्णालयातील नोंदणीकृत आहारतज्ज्ञ बाई आल्या. आम्ही तेथेच होतो. आम्हांला वाटले, आता एक छापील कागद हातात देतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारले, "काका, घरी असताना सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात जातं ते सांगा." काका म्हणाले, "साधंच खातो." "साधं म्हणजे काय?" मग एकेक निघू लागले. भात किती? काकांनी ओंजळ दाखविली. बाईंनी पिशवीतून तीन मापांच्या वाट्या काढल्या, यातली तुमच्या घरची कोणती? स्वयंपाक कोण करते? सून, असे कळल्यावर बाईंनी सुनेला जवळ बसवून घेतले आणि पुढचे निम्मे बोलणे तिच्याशीच केले. लोणचे रोज की सणाला? सुके मासे आठवड्यातून किती वेळा? चहा किती वेळ, साखर कोण घालते? गोळ्या जेवणाआधी की नंतर? शेतात कोण जाते, काका अजून चिखलात उतरतात का? घरी भाजी कोणती पिकते? पाऊण तासात सांगणे थोडे व विचारणे फार.

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून सून रडायची थांबली. भात बंद करण्याची गरज नव्हती! मोजून घ्यायचा, पण घ्यायचा. काकांच्या मूत्रपिंडांचा विचार करता नाचणी व कडधान्ये भरमसाट खाण्यापेक्षा मोजका भात बरा, असे त्यांचे म्हणणे पडले. जन्मभर भात पिकविलेल्या माणसाने तीन आठवडे भाताकडे पाठ फिरविली होती, आणि तीही उगाच. डाळ किती, अंडे किती, तेही मापून दिले. भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम पुष्कळसे निघून जाते. ही युक्ती त्यांनी सुनेला दोनदा सांगून तिच्याकडून वदवून घेतली. लोणचे व सुके मासे मात्र बंद. काकांनी तोंड वाकडे केले तेव्हा बाई म्हणाल्या, "फोडणीत लसूण वाढवा, थोडं लिंबू पिळा, आणि महिन्यानं मला सांगा जेवण घशाखाली उतरतंय का." महिन्याने काका पुन्हा गेले. पुन्हा रक्त तपासले, पोटॅशियम उतरले होते, म्हणून दोन भाज्या त्यांना परत मिळाल्या. मोबाईलवरचा वैद्य महिन्याने आपल्याला पुन्हा बोलावून चूक दुरुस्त करीत नाही.

संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, हे आपल्या पुरुषमंडळींना बाकीचे पत्र आठवत नसले तरी चांगले आठवते. लग्नाच्या मांडवात ते वचन आम्हांला दरवर्षी ऐकवले जाते. पण पौलाने ते लिहिले तीमथ्याला, ज्याच्या वारंवारच्या दुखण्यांची त्याला माहिती होती. सर्व मंडळ्यांना त्याने ते पत्र पाठविले नव्हते. असो.

कोणी म्हणेल, आमच्या आजीने कोणत्या तज्ज्ञाला विचारले होते? आजीच्या ज्ञानाचा आम्हांला आदरच आहे, आणि मोबाईलपेक्षा आजी बरी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण आजीने आपल्याला पाहिलेले असते. दुधी किंवा काकडी चिरताना ती आधी देठाकडचा तुकडा जिभेला लावून पाहते. कडू लागली तर सबंध फळ उकिरड्यावर. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस प्याल्याने मरण पावले. रस आरोग्याचा, मग कडू लागला तरी औषधच, अशी समजूत होती. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जे सांगितले ते आजीचेच शब्द होते: चाखून पाहा, कडू लागल्यास टाकून द्या.

पण आजीलाही सर्व ठाऊक नव्हते, आणि धान्याच्या बाबतीत तर आपण सर्वच भाबडे आहोत. सध्या मोबाईलवर ज्वारीला अमृत म्हणतात व भाताला विष. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा इतिहास या दोन्ही शब्दांना पुरून उरतो. ही संस्था १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे एका लहानशा प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली, ती बेरीबेरीच्या शोधासाठी. गिरणीत पांढरा शुभ्र सडलेला तांदूळ व दुसरे फारसे काही न खाणाऱ्यांना हा रोग होई. पुढे १९५८ साली संस्था हैदराबादला आली, आणि तेथे दख्खनच्या पठारावरील गरीब, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत पेलाग्रा नावाचा रोग डॉ. गोपालन व डॉ. श्रीकंटिया यांनी अभ्यासला. कातडी काळी पडून सोलली जाई, जुलाब होत, डोके भ्रमिष्ट होई. रोग तांदळाला नव्हता वा ज्वारीलाही नव्हता. ताटात दुसरे काही नसणे हाच रोग होता. नाचणीत कॅल्शियम तांदळाच्या कितीतरी पट आहे, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे आपल्या डोंगरउतारावरील शेतकऱ्यांनी अभिमानाने सांगावे. पण ती कोणी किती खावी याचे उत्तर धान्याच्या पोत्यावर छापलेले नसते.

आणखी एक उदाहरण, छोटेसे. गावातील एका बाळंतिणीला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन महिने झाले तरी आकडा हालेना. शेजारणींनी मोबाईल पाहून बीट सुचविले, कारण ते लाल. ती बिचारी रोज बीट खाऊन कंटाळली. आहारतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, गोळी कशाबरोबर घेता? चहाबरोबर. आणि कॅल्शियमची गोळी? तिच्याचबरोबर, म्हणजे विसरायला नको. चहा व कॅल्शियम दोन्ही लोहाला अंगी लागू देत नाहीत. गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या, चहा जेवणापासून दूर नेला, गोळीनंतर लिंबू किंवा आवळा सांगितला. खर्च काही नाही.

सैन्यभरती व पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांविषयीही बोलले पाहिजे. ही मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसली की मन भरून येते. परंतु त्यांच्या खोलीत डबे दिसू लागले आहेत, हजार-दोन हजारांचे, आणि कोणती भुकटी घ्यावी हे दंड फुगवलेला एक तरुण मोबाईलवर सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. अंग कमावण्यासाठी अशा प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात असे त्यांत सांगितले आहे. घरची अंडी बाजारात विकून त्या पैशांनी मुलाला डबा आणणारी आई आम्ही पाहिली आहे. तिला काय म्हणावे?

आता नोंदणीकृत म्हणजे काय ते पाहू. आहारतज्ज्ञ ही पाटी आपल्या देशात फार काळ कोणीही लावू शके. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था पदव्युत्तर शिक्षण व रुग्णालयातील उमेदवारी झालेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणून मान्यता देते, नावापुढे 'आर.डी.' अशी अक्षरे लागतात. संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. याचा आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच की हा माणूस शिकलेला आहे याला कोणीतरी साक्ष आहे, आणि चुकल्यास जाब विचारण्यास त्याचे नाव-गाव आहे. खताच्या दुकानातही आपण परवाना पाहतो व पावती मागतो.

सर्वच आहारतज्ज्ञ चांगले असतात असे आम्ही म्हणत नाही. काही विचारण्याआधीच ओट, ऑलिव्हचे तेल व ब्रोकोली यांची छापील यादी हातात देणारे भेटले तर नमस्कार करून उठावे. स्वतःच्या टेबलावरून भुकटीचे डबे विकणारे भेटले तर नमस्कारही न करता उठावे. आणि आहारतज्ज्ञ डॉक्टर नव्हे. औषधाची मात्रा बदलायची ती डॉक्टरांनीच.

खर्चाचे म्हणाल तर ते खरे आहे. शहरापर्यंतचे एसटीचे किंवा जीपचे भाडे, फी, आणि एक दिवसाची मजुरी बुडते ती निराळी. लावणीच्या दिवसांत हे जड जाते, आम्ही जाणून आहोत. मोबाईलचा सल्ला घरबसल्या, फुकट. पण काकांचे त्या वर्षीचे उसाचे बिल जवळजवळ सगळे रुग्णालयात गेले. गोव्याच्या मुलाने कर्ज काढले ते अजून फिटायचे आहे, आणि आपणच वडिलांना आजारी पाडले हे त्याच्या मनातून जात नाही. त्याला आम्ही सांगितले, चित्रफीत तू पाठविलीस, पण "काय बिघडणार" असे म्हणणारे आम्ही होतो, आणि वडिलांनी ते आमच्या झग्याकडे पाहून खरे मानले असेल. तेव्हापासून पायरीवर कोणी आहाराविषयी विचारले तर आम्ही "आम्हांला ठाऊक नाही" असे म्हणायला शिकलो आहोत. सुरुवातीला ते जड गेले.

याच संदर्भात उपवासाचे. राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवसांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या आतील निरोगी माणसांसाठी आहे. आजारी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तो बंधनकारक नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्याने साखर एकदम उतरून माणूस कोसळतो. दरवर्षी कोणी आजी भक्तीच्या भरात गोळी घेते व जेवण टाळते. तिने जेवावे. आमची तिला तशी मोकळीक आहे, आणि त्यासाठी पापनिवेदनाला येण्याची आवश्यकता नाही. प्रायश्चित्त म्हणून मोबाईल ठेवून दिला तरी चालेल.

पुढल्या महिन्यापासून शहरातील आहारतज्ज्ञांकडे एकत्र जाण्याची सोय करीत आहोत. सहा-सात जण मिळून एक जीप केली तर भाडे वाटून हलके होते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथम नावे द्यावीत. जाण्यापूर्वी तीन दिवस जे जे खाल-प्याल ते मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. त्यांतला एक दिवस रविवार असावा, कारण रविवारचे ताट निराळे असते. चहा, पान, तंबाखू, संध्याकाळचा पेला, काही लपवू नये. बाई रागावत नाहीत, आम्ही पाहिले आहे. सर्व गोळ्या पाकिटांसह घ्याव्यात. पत्र्याच्या पेटीतले जुने अहवाल काढावेत. घरची एक वाटी बरोबर असावी, आणि घरात स्वयंपाक जे कोणी करते त्यांनीही यावे, त्यांचे भाडे आम्ही पाहू. जीप चर्चपासून साडेसातला सुटेल. रक्त द्यायचे असल्यास उपाशी यावे की कसे, आणि त्या दिवशीची गोळी केव्हा घ्यावी, हे आम्हांला विचारू नये. आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे.